पोटावरचं यंत्र

पहिली काच कानसेननेच फोडली. प्रसूती विभागात शिरल्या शिरल्या समोर टेबल होतं आणि त्यामागे औषधांचं काचेचं कपाट. त्याने बाकाजवळचं लोखंडी स्टूल उचललं आणि दोन्ही हातांनी त्या कपाटात घातलं. बाटल्या फरशीवर फुटल्या. त्या आवाजाने आतल्या खोल्यांमधली बाळं दचकून रडायला लागली, आणि ते रडणं कानावर पडल्यावर तो जास्तच पिसाळला. सगळ्यांची पोरं रडत होती. त्याचीच काय ती पहाटेपासून एकदाही रडली नव्हती.

त्याच्यामागे गॅरेजातली सगळी माणसं होती. कुणाच्या हातात पाना, कुणाच्या हातात जॅकचा दांडा, तर कुणी चाक काढायची टॉमीच घेऊन आला होता. सगळ्यांच्या पुढे त्याचा थोरला भाऊ, दादा. गॅरेज दादाचं. आईबापांमागे त्यानेच कानसेनला वाढवलं होतं, थोबाडीत मारमारून धंदा शिकवला होता, आणि लग्नही त्यानेच लावून दिलं होतं. दादासमोर कानसेन कधी मान वर करून बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"डॉक्टरीण कुठाय ते सांगा," दादा टेबलामागच्या मुलीला म्हणाला. "तुमच्याशी आमचं काही वाकडं नाही."

मुलगी खुर्चीसकट मागे सरकली. दादाने टेबलावरचा फोन उचलून भिंतीवर आपटला.

या माणसाला कानसेन का म्हणत, ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. तानसेन गाणारा, तर हा ऐकणारा. गाडी गॅरेजात आली की हा लांबलचक स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग म्हणायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तिसऱ्याच सिलिंडरचा व्हॉल्व्ह. लोक म्हणत, डॉक्टरने नाडी धरावी तशी याने गाडी धरली. आणि खरंच, आजवर त्याचा कान कधी चुकला नव्हता. माणसाचं एक असतं, ज्या गोष्टीत तो कधी चुकत नाही, तिथे तो दुसऱ्या कुणाचं ऐकायचंही सोडून देतो.

बायकोला दिवस गेले तेव्हा त्याने पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र आणलं. मुठीत मावेल एवढं, टोकाला गोल चकती, आवाज मोठा करायची कळ. रोज कामावर जाण्याआधी तो ते लावायचा. धड-धड-धड-धड, पळत्या घोड्यासारखा आवाज यायचा. "इंजिन ठणठणीत," असं म्हणून तो डबा उचलायचा. बायको हसायची. "तिच्या कानात ओरडू नका, घाबरेल," म्हणायची. मुलगीच होणार असं तिने आधीपासून धरलं होतं.

आणि मग, दिवस भरत आले असताना, एका सकाळी ती म्हणाली, "आज ही हलत नाहीये."

त्याने यंत्र लावलं. ठोके ऐकू आले. "झोपली असेल," तो म्हणाला. "शेवटी शेवटी जागाच उरत नाही त्यांना हलायला."

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा म्हणाली. या वेळी तिचा आवाज कापत होता. त्याने पुन्हा यंत्र लावलं, आणि पुन्हा धडधड आली, जरा जोरातच. "बघ, उलट जास्त जोरात पळतेय," म्हणाला, आणि कामावर गेला. दुपारी तिला राहवेना. शेजारणीला घेऊन ती रुग्णालयात गेली. तिथे पोटावर मोठं यंत्र फिरवलं, पडद्यावर बघितलं, आणि डॉक्टरीणबाई तिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या की बाळाचं हृदय थांबलं आहे. रात्रभर कळा आणून पहाटे बाळंतपण झालं. मुलगीच होती.

कानसेनच्या डोक्यात हिशेब एकच. सकाळी मी माझ्या कानांनी ऐकलं. दुपारी हे म्हणतात नाही. म्हणजे मधल्या वेळात यांनीच काहीतरी केलं. तो पहाटे तसाच दादाकडे गेला आणि म्हणाला, "आत नेली तेव्हा जिवंत होती. मी ऐकलंय." कानसेनने ऐकलंय म्हटल्यावर गॅरेजात कुणाला शंका येणार? सगळे निघाले.

आता तो दारामागून दार लाथेने उघडत होता. एका खोलीत नुकती बाळंत झालेली बाई बाळाला छातीशी धरून कोपऱ्यात सरकली. दुसरी रिकामी. तिसऱ्या दाराशी त्याला डॉक्टरीणबाई सापडल्या. त्याने त्यांचा कोट गळ्याशी धरला आणि त्यांना भिंतीवर दाबलं. चष्मा खाली पडला, त्याच्याच बुटाखाली गेला.

"काय टोचलंत तिला?" तो म्हणाला. "सांगा. काय टोचलंत?"

"हात काढा," त्या कशाबशा म्हणाल्या. "श्वास... हात काढा."

तेवढ्यात मध्ये कुणीतरी शिरलं. पांढऱ्या केसांची, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणत. पहाटेचं बाळंतपण तिनेच केलं होतं. तिने कानसेनचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. त्याने दुसऱ्या हाताने तिला ढकललं. ढकलताना समोर म्हातारी आहे की भिंत, हे त्याने पाहिलंच नाही. औषधांच्या गाडीची पत्र्याची कड तिच्या कपाळात घुसली. ती गुडघ्यावर आली, आणि भुवईवरून रक्ताची धार डोळ्यात उतरली.

ती गाडीला धरून उठली. पदराच्या टोकाने डोळा पुसला.

"झालं?" ती म्हणाली. "आता आत चल. तुझी बायको बोलावतेय."

"आधी ही..."

"ही पळून जात नाही. बायको म्हणाली, खिशातलं यंत्र घेऊन ये. तुझ्या खिशात आहे म्हणाली."

यंत्र खिशातच होतं. पुरावा म्हणून आणलं होतं. बाहेर दादाच्या माणसांनी खिडकीवर घण चालवावा तसे दांडे चालवले होते. कानसेनने डॉक्टरीणबाईंचा गळा सोडला आणि सिस्टरच्या मागे गेला.

खोली बोळाच्या टोकाला होती. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला. बायको पलंगावर बसली होती, आणि पलंगाला लागून एक छोटा पाळणा होता. त्याच्या गादीतून थंड पाणी फिरत होतं, म्हणून तो हलकासा गुणगुणत होता. बाळाचं शरीर लवकर बिघडू नये, आईला तिच्यापाशी जास्त वेळ बसता यावं, यासाठी तो असतो. आत टोपी घातलेली मुलगी होती. कानसेनने तिकडे पाहिलं नाही. पहाटेपासून त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

बायकोने हात पुढे केला. "द्या."

"तुला कशाला आता..."

"द्या म्हणते ना."

त्याने यंत्र दिलं. तिने गाऊन वर केला. पोट अजून तसंच, फुगलेलं आणि मऊ, हवा निघालेल्या ट्यूबसारखं. तिने चकती बेंबीखाली टेकवली, जरा डावीकडे सरकवली, तो रोज सरकवायचा तशीच. आवाजाची कळ पूर्ण फिरवली.

धड-धड-धड-धड.

खोलीभर तो आवाज झाला. पळत्या घोड्यासारखा.

कानसेनला आधी काही कळेना. एक क्षण त्याला वाटलं, आत अजून एक आहे. त्याने सिस्टरकडे पाहिलं, मग पोटाकडे, मग पाळण्याकडे.

"कुणाचे ठोके आहेत हे?" बायकोने विचारलं.

त्याने वाकून चकतीकडे कान नेला.

"कान आहे ना तुम्हाला? सांगा. कुणाचे आहेत?"

"तुझे," तो म्हणाला.

"माझे. तेव्हाही माझेच होते. मी घाबरले की माझंच काळीज असं पळतं." तिने चकती तशीच दाबून धरली होती. आवाज वाढत चालला होता. "मी तुम्हाला सांगितलं, हलत नाहीये. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. पोट माझं होतं. तुम्ही माझं नाही ऐकलं, याचं ऐकलंत."

तिने यंत्र त्याच्या तोंडावर फेकून मारलं. ते गालफडावर बसलं, कातडी फाटली. तो हलला नाही. तिने उशाशी असलेला पाण्याचा पेला मारला, मग ताटली मारली. सिस्टर रक्त पुसत उभी होती. तिने अडवलं नाही. हाताशी काही उरलं नाही तेव्हा बायको रडू लागली, आणि तिच्या गाऊनवर छातीपाशी दोन ओले डाग पसरले. दूध आलं होतं. बाळ गेलं हे दुधाला कोण सांगणार.

"मी आलो असतो तर..." तो सिस्टरला म्हणाला. "पहिल्याच दिवशी आणली असती तर?"

खोटं बोलणं सिस्टरला सोपं होतं.

"वाचलीच असती असं कुणी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "पण बघता आलं असतं. हालचाल कमी झाली की त्याच घटकेला यायचं. घरी यंत्र लावायचं नाही, उद्याची वाट बघायची नाही. शेवटी हलणं कमी होतं म्हणतात ना, तेही खरं नाही. हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल, तर ती आमचीही चूक."

दार धाडकन उघडलं. दादा आत आला, मागे गॅरेजातले चौघे. त्याच्या मुठीवर कुणाचं तरी रक्त होतं.

"चल कान्या, आण तिला," दादा पाळण्याकडे बोट करून म्हणाला. "गेटवर ठेवू. रस्ता अडवू. मग बघतो हे मोठे साहेब कसे बाहेर येत नाहीत."

"भाऊजी, तिला हात लावू नका," बायको म्हणाली.

"हे बघ पोरी, तुझ्याचसाठी चाललंय हे. न्याय नको का तुला?"

"मला ती हवी आहे. संध्याकाळपर्यंत. तेवढंच मागितलंय मी."

"संध्याकाळपर्यंत हे लोक सगळं सारवून टाकतील."

"दादा," कानसेन म्हणाला. "यांनी काही केलं नाही. ती आधीच गेली होती. मी चुकीचं ऐकलं."

दादाने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने भलतीच भाषा काढली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "गप बस. इतकी माणसं कामं टाकून आणलीयेत तुझ्या शब्दावर. काचा फोडल्या. खाली एकाचा हात मोडलाय. आता त्यांना काय सांगू, की भावाचा कान चुकला, चला घरी? नंतर बोलू. आधी पोरगी दे."

तो पाळण्याकडे वळला. बायको पलंगावरून अर्धी खाली झुकली आणि बाळाला तिने दोन्ही हातांत घेतलं. दादाने दुपट्याचं टोक धरलं. "सोड गं," म्हणाला, आणि ओढलं. ती सोडेना. दुपटं ताणलं, टोपी निसटून फरशीवर पडली, आणि बाळाचा ओल्या काळ्या केसांचा माथा उघडा पडला. बायको ओरडली. तो आवाज माणसाचा वाटला नाही.

सलाईनची सळई कानसेनच्या हाताशी होती. ती त्याने कधी उचलली ते त्यालाही कळलं नाही. दादाच्या नाकावर ती आडवी बसली आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

दादा दोन पावलं मागे गेला. नाकावर हात धरला, हाताकडे पाहिलं. तीस वर्षं ज्याने वर बघितलं नाही, त्याने मारलं होतं.

मग तो तुटून पडला. दाराच्या चौकटीत त्याने कानसेनला धरलं, बरगड्यांत गुडघा घातला, डोकं चौकटीवर आपटलं. कानसेन मारत नव्हता. त्याने दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली होती आणि दार आपल्या अंगाने बुजवलं होतं. "बाहेर," एवढंच म्हणत होता. "सगळे बाहेर." एक दात गेला. दादाने त्याच्या बोटांवर बुटाची टाच मारली, एकदा, दोनदा. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली, तरी त्याने हात सोडला नाही. मागून सिस्टरने पाठीला खांदा दिला आणि दोघांनी मिळून दादाला बोळात लोटलं.

"धरा रे त्याला," दादा माणसांना म्हणाला. "काय बघत बसलाय?"

दोघे पुढे सरसावले. एकाने टॉमी उचलली.

"मीच घरी थांबवलं तिला," कानसेन त्यांना म्हणाला. तोंडात रक्त होतं, शब्द फुटत नव्हते, तरी तो बोलत राहिला. "हलत नाही म्हणत होती. मी यंत्र लावलं. आताही तिने लावलं, रिकाम्या पोटावर. तसाच आवाज येतो. हुबेहूब तसाच. मला फरक कळला नाही. मला कळला नाही रे."

टॉमी उचललेला माणूस म्हणजे गॅरेजात सगळे ज्याला बुटक्या म्हणत तो. त्याची बायकोही पोटुशी होती. कानसेनचं बघून त्यानेही तसलंच यंत्र आणलं होतं. त्याने टॉमी हळूच भिंतीला टेकवून ठेवली, पडू नये अशी, आणि खिशातून फोन काढला.

"काय करतोयस?" दादा म्हणाला.

बुटक्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "अगं, मी बोलतोय," तो फोनवर म्हणाला. "पोरगं हलतंय का? ... यंत्राचं नाही विचारत. यंत्र ठेव बाजूला. तुला काय वाटतंय ते सांग... नेहमीसारखंच? नक्की? ... नाही, काही झालं नाही. आज जाऊन येऊ आपण तपासून. मी येतोच... अगं नाही रडत, पळालोय म्हणून धाप लागलीय."

बोळात सगळे उभे राहून ते एका बाजूचं बोलणं ऐकत होते. कुठल्याशा खोलीत बाळ रडायचं थांबलं होतं. बुटक्या फोन कानाला लावूनच जिन्याकडे निघाला. त्याच्यामागे आणखी एक गेला. मग एकाने हातातला दांडा बाकाखाली सरकवला, जसा काही तो त्याचा नव्हताच. दादा एकटा उरला. तो बाकावर बसला आणि डोकं मागे टेकून नाकातलं रक्त गिळत राहिला. पोलीस वर आले तेव्हा त्याने हात पुढे केले.

कानसेन दाराशीच खाली बसला होता. हवालदाराने त्याला दंडाला धरून उठवलं.

"या बाईंना तुम्ही मारलंत?" हवालदाराने सिस्टरच्या कपाळाकडे बघत विचारलं.

"हो," कानसेन म्हणाला. "आणि डॉक्टरांचा गळा मी धरला. कपाटही मीच फोडलं."

"चला मग."

"नेणार ना? न्या," सिस्टर म्हणाली. "माझी तक्रारही लिहून घ्या, टाके पडल्यावर देते. पण आत त्याची मुलगी आहे. ती एवढाच एक दिवस आहे. आईने हो म्हटलं, तर त्याला आधी आत जाऊ द्या."

सिस्टर आत गेली. दार उघडंच होतं. पाळणा गुणगुणत होता. आतून बोलणं ऐकू येत होतं, पण कानसेनने ऐकायचा प्रयत्न केला नाही. बराच वेळ गेला. सिस्टर मुलीच्या तळपायाला शाई लावून कार्डावर ठसे घेत होती, आणि बायको तिला सांगत होती, "डावा नीट नाही आला, परत घ्या." मग बोलणं थांबलं.

"हात धुऊन या म्हणावं," बायकोचा आवाज आला.

तो आत गेला. कोपऱ्यात बेसिन होतं. त्याने नळ सोडला. मोडलेली बोटं वळत नव्हती, साबण हातातून निसटत होता. सिस्टरचं रक्त, दादाचं, त्याचं स्वतःचं, आणि नखांत बसलेलं गॅरेजातलं जुनं वंगण. रक्त गेलं. वंगण जाईना. तो घासत राहिला.

"पुरे," बायको म्हणाली. "बसा इथे."

तो बसला. तिने मुलगी त्याच्या हातांत दिली. त्याला वाटलं होतं त्याहून ती जड होती, आणि थंड. तो वाकला, आणि सवयीने त्याचा कान तिच्या छातीकडे जाऊ लागला. बायकोने मध्ये हात घातला.

"ऐकू नका," ती म्हणाली. "बघा तिच्याकडे."

त्याने बघितलं. कपाळ रुंद होतं. भुवया पेन्सिलीने रेखल्यासारख्या. ओठ गडद झाले होते, हनुवटीला खळी होती.

"नाक तुमच्याकडचं आहे," बायको म्हणाली. "भाऊजींचं."

"आता त्याचं तसं राहिलं नाही," तो म्हणाला.

तिच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी आलं आणि तिथेच अडकलं. तिने त्याला माफ केलं नव्हतं, आणि त्याने मागितलंही नाही. तिने खाली पडलेली टोपी झटकून मुलीच्या डोक्यावर घातली, त्याच्या वाकड्या बोटांखाली दुपट्याची घडी सरकवली, आणि मुलीचा एक हात उलगडून तळवा त्याच्यापुढे धरला, त्यालाही बघता यावा म्हणून. दाराशी उभ्या हवालदाराने खुर्ची बाहेर ओढली आणि दार लोटून घेतलं.